रॉकेटगाडीतले डॉक्टर

रात्रीच्या पाळीत गाडीच्या धडकेतला जखमी आणला जातो, तेव्हा त्याचा श्वास, नाडी, रक्तदाब पाहता पाहताच आम्ही सोबत आलेल्या माणसाला दोन प्रश्न विचारतो. हा गाडीत कुठे बसला होता? पट्टा लावला होता का? नातेवाइकांना याचा राग येतो. आमचा माणूस इथे तळमळतोय आणि डॉक्टरांना पट्ट्याच्या चौकशा सुचताहेत, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसतं. पण पुढच्या अर्ध्या तासात काय शोधायचं, हे या उत्तरांवर बरंचसं ठरतं. चालक पट्ट्याविना असेल तर त्याची छाती स्टिअरिंगवर आपटलेली असण्याची शक्यता फार. पट्टा लावलेला असेल तर पोटावर त्याचा आडवा वळ उठलाय का ते बघायचं, कारण वळ असेल तर आतल्या आतड्यालाही इजा असू शकते. आणि माणूस मागच्या सीटवरचा असेल, तर दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा ‘नाही’ असंच येतं.

धडकेत गाडीतल्या माणसाला नेमकं काय मारतं, हा प्रश्न वैद्यकाने तसा उशिराच विचारला. त्याचं उत्तर स्वतःच्या हाडामांसावर शोधणारे एक डॉक्टर होऊन गेले, अमेरिकी हवाई दलातले कर्नल जॉन पॉल स्टॅप. एके काळी टाइम साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर त्यांचं चित्र झळकलं होतं. जमिनीवरचा सर्वांत वेगवान माणूस म्हणून त्यांचं नाव जगभर झालं होतं. आज ते नाव वैद्यकाच्या विद्यार्थ्यांनाही ठाऊक नसतं.

स्टॅप यांचा जन्म ११ जुलै १९१० रोजी ब्राझीलमधल्या बाहिया इथला. आईवडील अमेरिकेहून तिथे गेलेले बाप्टिस्ट मिशनरी. चार भावांत हे थोरले. पुढे शिक्षणासाठी ते टेक्सासला आले आणि बेलर विद्यापीठात दाखल झाले. १९२८च्या नाताळच्या सुट्टीत ते नातेवाइकांकडे गेले असताना त्या घरातलं तान्हं मूल शेकोटीत जाऊन भाजलं. कॉलेजात शिकणाऱ्या स्टॅप यांनी त्या बाळाची शुश्रूषा केली, पण ते गेलं. माणसाला मरताना पाहायची ती त्यांची पहिलीच वेळ, आणि डॉक्टर व्हायचं हे त्यांनी तिथेच ठरवलं.

ठरवणं सोपं होतं, पैसे नव्हते. मिशनऱ्याचं घर आणि वर १९२९नंतरची मंदी. मग स्टॅप यांनी प्राणिशास्त्रात एम.ए. केलं, दोन वर्षं एका छोट्या कॉलेजात शिकवलं, ऑस्टिनला टेक्सास विद्यापीठात जीवभौतिकीत १९४० साली डॉक्टरेट मिळवली आणि त्यानंतर कुठे मिनेसोटा विद्यापीठात वैद्यकाला प्रवेश घेतला. १९४४ साली ते लष्कराच्या हवाई शाखेत डॉक्टर म्हणून रुजू झाले, तेव्हा वय होतं चौतीस. नीटच्या पहिल्या प्रयत्नात अपयश आलं म्हणून आयुष्य संपलं असं मानणारी अठरा वर्षांची मुलं आणि त्यांचे आईवडील भेटतात तेव्हा मी त्यांना हा हिशेब सांगतो. शिवाय आड आलेली ती वर्षं वाया गेली नव्हती. शरीराकडे यंत्र म्हणून पाहण्याची जी सवय स्टॅप यांना पुढे उपयोगी पडली, ती जीवभौतिकीतच लागली होती.

१९४६ साली त्यांच्याकडे पहिलं संशोधनाचं काम आलं. खूप उंचावर हवेचा दाब कमी झाला की रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होतात आणि वैमानिकाचे सांधे असह्य दुखू लागतात, कधी जीवही जातो. दाब न राखलेल्या विमानातून ४० हजार फुटांच्याही वर स्वतः वारंवार जाऊन स्टॅप यांनी दाखवून दिलं, की उड्डाणाआधी अर्धा तास शुद्ध ऑक्सिजन घेतला तर नायट्रोजन शरीराबाहेर निघून जातो आणि हा त्रास टळतो. अंतराळवीर यानाबाहेर पडण्यापूर्वी आजही याच तत्त्वावर तयारी करतात. एखादा यावरच समाधानी झाला असता.

पुढच्या वर्षी त्यांना कॅलिफोर्नियातल्या मुरोक तळावर धाडण्यात आलं. वाळवंटातला हा तळ पुढे एडवर्ड्स या नावाने प्रसिद्ध झाला. तिथलं काम समजायचं तर एका मोजमापाची ओळख करून घ्यायला हवी. पृथ्वी आपल्याला ज्या जोराने खाली ओढते तो एक जी. दहा जीचा झटका बसतो तेव्हा ७० किलोच्या माणसाचं शरीर क्षणभर ७०० किलोंचं असल्यासारखं ओढलं जातं. तेव्हाच्या तज्ज्ञांचं मत होतं, की १८ जीच्या पुढे माणूस जगत नाही. म्हणून विमानातल्या खुर्च्या आणि पट्टे तेवढ्याच ताकदीचे बनवले जात. विमान आपटलं, झटका १८ जीच्या वर गेला, की खुर्ची उखडायची, पट्टा तुटायचा, वैमानिक समोरच्या लोखंडावर आदळून मरायचा. त्याच्या मरणाकडे बोट दाखवून पुन्हा तेच म्हटलं जायचं, की बघा, १८ जीच्या पुढे माणूस जगत नाही. दुसऱ्या महायुद्धात असंही दिसलं होतं, की वैमानिकाची कोठडी फारशी चेमटलेली नाही आणि आतला माणूस मात्र मेलेला आहे. स्टॅप यांना वेगळी शंका आली. माणूस झटक्याने मरतोय, की खुर्ची तुटल्यामुळे?

मुरोकला सुमारे २,००० फूट लांबीचा रुळांचा मार्ग होता. त्यावर रॉकेटच्या जोरावर सुसाट पळणारी आणि टोकाला दाती ब्रेकमध्ये अडकून थांबणारी एक गाडी बसवण्यात आली. तिला चाकं नव्हती, ती रुळांवरून घसरत जाई. सुरुवातीला तिच्यात ८४ किलोचा एक पुतळा बांधून बसवत, त्याचं नाव ऑस्कर. पहिल्याच फेरीत ब्रेक लागले नाहीत आणि गाडी रूळ ओलांडून वाळवंटात गेली. एका फेरीत ऑस्करला मुद्दाम हलक्या पट्ट्याने बांधलं होतं. गाडी थांबली, ऑस्कर थांबला नाही. समोरची लाकडी फळी फोडून तो सुमारे ७०० फूट लांब जाऊन पडला आणि त्याचा रबरी चेहरा फळीपाशीच राहिला. बिनपट्ट्याच्या प्रवाशाचं काय होतं, याचं इतकं उघडं चित्र मला दुसरं माहीत नाही.

पुतळ्याच्या अनेक फेऱ्या झाल्यावर, डिसेंबर १९४७ मध्ये, स्टॅप स्वतः त्या खुर्चीत बसले. पहिल्या खेपेला एकच रॉकेट आणि तोंड मागच्या दिशेला. मग रॉकेटं वाढत गेली. ऑगस्ट १९४८पर्यंत त्यांच्या १६ फेऱ्या झाल्या होत्या आणि झटका ३५ जीपर्यंत पोहोचला होता. १८ जीचा नियम जिवंत माणसाने मोडून दाखवला होता.

ते स्वतःच का बसले? सहकारी तयार होते. पण डॉक्टरला आतून काय होतंय ते टिपता येतं आणि दुसऱ्याचा जीव पणाला लावण्याआधी आपला लावावा, असा त्यांचा हिशेब होता. नंतर सहकाऱ्यांनीही फेऱ्या केल्या, सगळ्यात कठीण फेऱ्या मात्र स्टॅप स्वतःकडे ठेवत. या काळात त्यांच्या बरगड्यांना तडे गेले, दातांतलं सिमेंट निघालं, मनगट दोनदा मोडलं. त्यातलं एक हाड त्यांनी कार्यालयाकडे परतताना चालता चालता स्वतःच बसवलं. वरिष्ठांना हे सगळं कळलं तेव्हा स्टॅप यांना मेजरपदी बढती मिळाली आणि त्याबरोबर ताकीदही, की माणसाला १८ जीच्या पुढे नेऊ नका. मग काही काळ चिंपांझींवर प्रयोग झाले. पुढच्या वर्षांत डुकरं आणि अस्वलंही त्या खुर्चीत बसवली गेली. प्राण्यांना भूल दिली जाई, पण त्यांतले काही मेले. आजच्या नीतिसमितीपुढे हे प्रयोग ठेवले तर प्राण्यांचेच नव्हेत, स्टॅप यांचे स्वतःवरचेही नामंजूर होतील, आणि मी त्या समितीत असलो तर मीही विरोधातच मत देईन. त्यातून मिळालेल्या ज्ञानावर मात्र मी रोज काम करतो. हे दोन्ही खरं आहे.

ज्ञान काय मिळालं? पहिलं म्हणजे झटक्याची दिशा महत्त्वाची. पाठ पुढे करून बसलं तर सगळा भार पाठीवर पसरतो आणि माणूस खूप मोठा झटका सोसतो. अमेरिकी हवाई दलाच्या प्रवासी वाहतुकीच्या विमानांत यानंतर मागे तोंड केलेल्या खुर्च्या आल्या. लहान बाळाची गाडीतली खुर्ची मागे तोंड करून बसवायला सांगतात, त्यामागेही हेच आहे. दुसरं, तोंड पुढे असेल तर पट्टा कमरेच्या आणि छातीच्या हाडांवरून हवा, मऊ पोटावरून नको, आणि तो रुंद हवा. तिसरं, झटका किती मोठा एवढंच पाहून चालत नाही, तो किती वेळात चढतो आणि किती वेळ टिकतो हेही पाहावं लागतं. १९५१पर्यंत पुढे तोंड करून बसलेल्या स्टॅप यांनी ४५ जीपर्यंतचा झटका सोसला होता.

मुरोकचं आणखी एक नातं जगाला ठाऊक आहे, पण स्टॅप यांच्या नावाने नव्हे. १९४९ साली एडवर्ड मर्फी नावाचे अभियंता झटका मोजणारी उपकरणं घेऊन तिथे आले. ती उलटी जोडली गेली आणि एका फेरीचं मोजमाप शून्य आलं. चूक होण्याची शक्यता असेल तर ती होणारच, हा मर्फीचा नियम त्या प्रसंगातून निघाला आणि स्टॅप यांनी एका पत्रकार परिषदेत त्याचा उल्लेख केल्यावर तो सगळीकडे गेला. स्टॅप तो निराशेने सांगत नसत. इतक्या धोक्याच्या कामात कुणी मेलं कसं नाही, असं त्यांना विचारलं होतं. काय काय बिघडू शकतं याचा आम्ही आधी विचार करतो, हे त्याचं उत्तर होतं. शस्त्रक्रियेआधी रुग्णाचं नाव आणि बाजू मोठ्याने वाचून घेण्याची आमची पद्धत याच जातीची.

याच तळावर ते संध्याकाळी एक बिनकागदी दवाखाना चालवत. वाळवंटात राहणाऱ्या कामगारांच्या बायकामुलांना तळाच्या रुग्णालयात जागा नव्हती आणि गावातला डॉक्टर लांब. स्टॅप घरोघरी जाऊन त्यांना तपासत, पैसे घेत नसत. चरित्रकार हा भाग दोन ओळींत संपवतात. मला वाटतं, रॉकेटगाडीत बसणारा माणूस आणि हा माणूस वेगळे नव्हते.

१९५३ साली ते न्यू मेक्सिकोतल्या होलोमन तळावर आले. आवाजाच्या वेगाने उडणारी विमानं आली होती. त्यांतून वैमानिकाने खुर्चीसकट बाहेर उडी घेतली तर वाऱ्याचा तडाखा आणि एकाएकी मंदावणारा वेग तो सोसेल का, हा प्रश्न होता. इथला मार्ग ३,५५० फुटांचा, गाडीचं नाव सॉनिक विंड, आणि ब्रेक पाण्याचे, म्हणजे गाडीखालची पाती रुळांमध्ये साठवलेल्या पाण्यात घुसून तिला थोपवायची.

१० डिसेंबर १९५४. स्टॅप ४४ वर्षांचे होते. डोळे जाण्याची भीती त्यांना खरीच होती, म्हणून आधीच त्यांनी अंधारात कपडे घालण्या-काढण्याचा सराव करून ठेवला होता. हातपाय वाऱ्याने फरफटू नयेत म्हणून ते बांधलेले, दातांमध्ये रबरी ठोकळा. वरून जो किटिंगर एका जेट विमानातून सोबत उडत होते. पुढे १९६० साली बलूनमधून विक्रमी उडी मारणारे ते हेच. नऊ रॉकेटं पेटली. पाच सेकंदांत गाडीचा वेग ताशी १,०१७ किलोमीटर झाला आणि खालून ती किटिंगर यांच्या विमानाला मागे टाकून गेली. मग पाणी आलं. जेमतेम १.४ सेकंदात गाडी पूर्ण थांबली. झटक्याचं टोक होतं ४६.२ जी, म्हणजे स्टॅप यांचं शरीर त्या क्षणी साधारण साडेतीन टनांचं झालं होतं. वेगाने निघालेलं रक्त पुढे डोळ्यांत लोटलं गेलं, तिथल्या बारीक रक्तवाहिन्या फुटल्या आणि त्यांना दिसेनासं झालं. डोळे गेले असंच त्यांना वाटलं. काही मिनिटांनी समोरच्या माणसाची बोटं दिसू लागली. डोळ्यांभोवती काळेनिळे डाग घेऊन ते रुग्णालयात गेले आणि तिथून नीट बाहेर आले. ती त्यांची २९वी आणि शेवटची फेरी. त्यांना आणखी वेगाने जायचं होतं, पण वरिष्ठांनी नकार दिला. मला त्या वरिष्ठांचे आभार मानावेसे वाटतात, कारण यानंतरचं काम जास्त मोलाचं होतं.

टाइमचा तो अंक सप्टेंबर १९५५चा. दूरचित्रवाणीवर त्यांच्या आयुष्यावर कार्यक्रम झाला, पुढच्या वर्षी हॉलिवूडचा सिनेमाही आला. माणसं त्यांना अंतराळाबद्दल विचारायची आणि स्टॅप मोटारींबद्दल बोलायचे. झालं होतं असं, की हवाई दलातल्या मृत्यूंची नोंद तपासताना त्यांच्या लक्षात आलं, विमान अपघातांइतकीच, किंबहुना त्याहून जास्त माणसं मोटारींच्या अपघातांत दगावताहेत. ज्या वैमानिकाला ४० जीमध्ये जिवंत ठेवण्यासाठी एवढी धडपड चालली होती, तो शनिवारी रात्री घरी जाताना ताशी साठ-सत्तर किलोमीटरच्या धडकेत मरत होता.

त्या वेळची अमेरिकी मोटार डोळ्यांपुढे आणा. स्टिअरिंगचा दांडा ताठ, समोरून धडक बसली की भाल्यासारखा छातीवर येणारा. समोरचा फलक पत्र्याचा, त्यावर बाहेर आलेल्या खुंट्या. धडकेत दारं उघडायची आणि माणसं बाहेर फेकली जायची. पट्टे नव्हतेच. अपघात चालकाच्या चुकीने होतात, त्यामुळे चालक सुधारा, गाडीत काय करायचंय, अशी उद्योगाची आणि पोलिसांचीही धारणा होती. या धारणेला पहिला धक्का ह्यू डीहेवन यांनी दिला होता. पहिल्या महायुद्धात विमानांच्या टकरीतून वाचलेल्या या माणसाने, उंच इमारतींवरून पडूनही जगलेल्या लोकांचा अभ्यास करून १९४२ साली लिहिलं, की शरीर थांबायला थोडं जरी अंतर मिळालं आणि भार पसरला, तर माणूस पन्नास ते दीडशे फुटांवरून पडूनही जगू शकतो. काचेचं सामान जसं बांधून पाठवतात तसा माणूस गाडीत ठेवा, असा त्यांच्या सांगण्याचा रोख होता. डीहेवन यांनी घडून गेलेल्या अपघातांवरून जे ताडलं, ते स्टॅप यांनी घडवून आणलेल्या झटक्यांत मोजलं.

धडकेत खरं तर तीन टकरी होतात. पहिली गाडीची, भिंतीशी किंवा ट्रकशी. दुसरी माणसाची, गाडीच्या आतल्या भागाशी, कारण गाडी थांबली तरी तो मूळ वेगाने पुढेच चाललेला असतो. तिसरी त्याच्या आतल्या अवयवांची. बरगड्या थांबल्या तरी हृदय पुढे झेपावतं, आणि महाधमनी जिथे मणक्याला जखडलेली असते तिथेच फाटते. असे रुग्ण बहुधा आमच्यापर्यंत पोहोचतच नाहीत. ताशी ५० किलोमीटरची धडक म्हणजे सुमारे दहा मीटर उंचीवरून, तिसऱ्या मजल्यावरून खाली पडणं. पट्टा काय करतो? गाडीचा पुढचा भाग चेमटत असताना जे अर्धा-पाऊण मीटर अंतर मिळतं, ते माणसालाही मिळवून देतो. त्याला गाडीबरोबर थांबवतो, गाडी थांबल्यानंतर नव्हे.

हा हिशेब मला एका आजींनी करायला लावला. लग्नाहून परतणाऱ्या कुटुंबाची गाडी रात्री उभ्या ट्रकवर आदळली होती. पुढे बसलेले मुलगा आणि सून पट्टे लावलेले, खरचटलेल्या अंगाने चालत आत आले. मागे आजी होत्या, मांडीवर वर्षाची नात. आजींचं मांडीचं हाड मोडलं होतं आणि मुलीच्या कवटीला तडा गेला होता. ती तीन आठवड्यांनी घरी गेली, वाचली. पण आजी रोज फेरीच्या वेळी मला एकच विचारत, की मी तिला घट्ट धरलं होतं, मग माझ्या हातून सुटली कशी. मी घरी जाऊन कागदावर मांडलं. ताशी ५० किलोमीटर, थांबायला साठ सेंटिमीटर, म्हणजे सोळा जीच्या वर. दहा किलोचं मूल त्या क्षणी १६० किलोंचं होतं. दुसऱ्या दिवशी मी आजींना सांगितलं, की त्या जागी कुणी पैलवान असता तरी त्याच्याही हातून सुटली असती. त्यांना पटलं की नाही कोण जाणे, पण विचारणं थांबलं. मागच्या सीटवरही पट्टा लावणं आपल्याकडे कायद्याने बंधनकारक आहे आणि न लावल्यास एक हजार रुपये दंड आहे. त्याच वेळी पट्ट्याच्या खाचेत नुसती अडकवून गाडीची पिपाणी बंद करायची क्लिपही आपल्याच बाजारात मिळते.

होलोमनला परत जाऊ. मे १९५५ मध्ये स्टॅप यांनी मोटार कंपन्या, विद्यापीठं आणि सरकारी खात्यांतल्या लोकांना तळावर बोलावून घेतलं. पुतळे बसवलेल्या गाड्या मुद्दाम आदळून दाखवल्या, आत काय होतं ते पाहायला लावलं आणि मग सगळ्यांना एकत्र बसवलं. गाड्या बनवणारे अभियंते आणि त्यांत मोडलेली माणसं दुरुस्त करणारे डॉक्टर एका खोलीत येणं हे तोवर दुर्मिळच होतं. वरिष्ठांनी हरकत घेतली, की मोटारी हा हवाई दलाचा विषय नाही, आणि मोटार उद्योगालाही हे रुचणारं नव्हतं. स्टॅप यांनी भावनेला हात घातला नाही. मोटार अपघातांत हवाई दलाची किती माणसं जातात आणि एक वैमानिक तयार करायला किती खर्च येतो, याचा हिशेब पुढे ठेवला. काम चालू राहिलं. सरकारी नोकरीत अर्धं आयुष्य काढलेल्या माझ्यासारख्याला रॉकेटगाडीपेक्षाही या कागदी चढाईचं कौतुक जास्त वाटतं.

१९५७ साली त्यांनी अमेरिकी संसदेच्या समितीपुढे साक्ष दिली. त्याच वर्षी लिलियन लानीझ या बॅले नर्तकीशी त्यांचं लग्न झालं. त्यांच्या हाताखाली आणि मार्गदर्शनाने माणसाला बलूनमधून अंतराळाच्या सीमेपर्यंत नेणारे प्रयोगही झाले, त्यांची कथा वेगळी आहे. इकडे मोटारीतल्या पट्ट्याला त्याचं आजचं रूप स्वीडनमध्ये मिळालं. खांद्यावरून आणि कमरेवरून जाणारा, एका हाताने लावता येणारा तीन टोकांचा पट्टा व्होल्वोच्या निल्स बोलिन यांनी तयार केला आणि १९५९पासून तो गाड्यांत बसू लागला. बोलिन आधी साब कंपनीत वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या खुर्च्यांवर काम करत होते. विमानातली विद्या तिथेही मोटारीत उतरली होती. व्होल्वोने त्या पेटंटचा वापर सगळ्यांना खुला ठेवला.

अमेरिकेत कायदा यायला मात्र १९६६ उजाडलं. आदल्या वर्षी राल्फ नेडर यांच्या पुस्तकाने मोटार कंपन्यांविरुद्ध जनमत पेटवलं होतं. ९ सप्टेंबर १९६६ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी वाहन सुरक्षेच्या कायद्यांवर सही केली, तेव्हा स्टॅप तिथे हजर होते. नव्या मोटारींत पट्टे १९६८च्या मॉडेलांपासून सक्तीचे झाले. ऑस्करने समोरची फळी फोडली त्याला वीस वर्षं होऊन गेली होती. वैद्यकात शोध आणि सवय यांत इतकं अंतर पडतंच. हात धुण्याचंही तसंच झालं.

१९६७ साली हवाई दलाने स्टॅप यांची सेवा रस्ते सुरक्षेच्या सरकारी विभागाला उसनी दिली. १९७० मध्ये ते कर्नल म्हणून निवृत्त झाले आणि होलोमनशेजारच्या अलामोगोर्डो गावात राहिले. १९९१ साली त्यांना अमेरिकेचं राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक मिळालं. सॉनिक विंड आता त्याच गावातल्या अंतराळ संग्रहालयात आहे आणि तिथल्या बागेला त्यांचं नाव आहे.

१३ नोव्हेंबर १९९९ रोजी, वयाच्या ८९व्या वर्षी, जॉन पॉल स्टॅप अलामोगोर्डोतल्या आपल्या घरी वारले. १९५५ साली होलोमनला सुरू झालेल्या त्या बैठकांचं नाव तोवर स्टॅप मोटार धडक परिषद असं पडलं होतं. अभियंते आणि डॉक्टर तिथे दर वर्षी बरगड्या, मान, गुडघे किती सोसतात यावरचे निबंध वाचतात. त्या वर्षीची परिषद ४३वी होती. ती अजून भरते.